जुन्या बुलेटची तेलगळती: उगम शोधण्याची पद्धत

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत पडवीत किंवा गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारसायकली अलीकडे पुन्हा रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. त्यांत कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडी बोअर (सिलिंडर) असलेल्या इंजिनाच्या साडेतीनशे सीसी बुलेट सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल जावा-येझदी. रंग, क्रोम, सीट, वायरिंग असे सगळे होऊन गाडी घरी येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याखाली फरशीवर तेलाचा डाग दिसतो. ‘जुनी बुलेट आहे, तेल सोडणारच’ असे गॅरेजमध्येही सांगितले जाते आणि मालकही ते मान्य करून टाकतात. ते मान्य करू नये. या इंजिनांची रचना आजच्या इंजिनांइतकी बंदिस्त नाही हे खरे, एखाद्या सांध्यावर ओलसरपणा राहणे समजण्यासारखे आहे. परंतु फरशीवर थेंब पडत असतील तर त्याला एक निश्चित कारण असते आणि ते शोधता येते.

अडचण अशी की बहुतेक जण शोधण्याआधीच उपाय करतात. ओले दिसेल तिथला बोल्ट आवळला जातो, वरून सिलंट फासले जाते, आणि महिन्याभरात गळती पुन्हा सुरू होते. तेल नेहमी खाली उतरते आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती जागा गळतीची नसतेच, असे धरून चालणे अधिक सुरक्षित. जी जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे ओली आहे, तिथून शोध सुरू करावा लागतो. खानापूर तालुक्यातील एका स्नेह्यांच्या बुलेटचा गिअरबॉक्स याच कारणासाठी दोनदा उघडला गेला होता. तेल गिअरबॉक्सच्या खालून टपकत होते, म्हणून दोष गिअरबॉक्सचा. प्रत्यक्षात रॉकरकडे (इंजिनाच्या माथ्यावर झडपा हलवणाऱ्या भागांकडे) तेल नेणाऱ्या उजव्या बाजूच्या नळीचा वरचा बँजो बोल्ट, म्हणजे आतून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, पाझरत होता. तेथून निघालेले तेल बोअरच्या पंख्यांमधून मागे उतरत, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) माथ्यावर साचत आणि मग गिअरबॉक्सवरून खाली येत होते. तांब्याचे दोन वॉशर बदलल्यावर गाडी कोरडी झाली.

आधी तेल ओळखावे

कास्ट आयर्न बुलेटमध्ये तेलाची तीन वेगळी घरे आहेत. इंजिनाचे तेल क्रँककेसमध्येच मागच्या बाजूला असलेल्या टाकीत राहते. डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये प्रायमरी चेन आणि क्लच यांचे तेल असते. गिअरबॉक्स इंजिनाला मागून जोडलेला असला तरी त्याचे वंगण स्वतंत्र असते. म्हणून थेंब बोटावर घेऊन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळपट तपकिरी आणि पातळ असेल तर ते बहुधा इंजिनाचे. घट्ट, चिकट, ग्रीसच्या जवळ जाणारे असेल तर गिअरबॉक्सचे. चेनकेसमध्ये पुष्कळ जण लाल रंगाचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे तेल) वापरतात, आणि माझ्या मते निदानाच्या सोयीसाठी तरी ते वापरावेच, कारण लाल थेंब दिसला की एक घर लगेच निश्चित होते. मागच्या चेनला मारलेले वंगण चाकाच्या रिमवर आणि स्विंगआर्मवर उडते. ते इंजिनातून आले असे समजून घाबरू नये. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर पेट्रोल जुनी घाण धुऊन खाली आणते आणि तो डागही तेलासारखाच दिसतो. वास घेतला की फरक कळतो.

इंजिन पूर्ण कोरडे करणे

या टप्प्यावर घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. रंगकाम आणि जोडणीच्या वेळी सांडलेले तेल, हाताळताना लागलेले ग्रीस, फटीत राहिलेले जुने तेल, हे सर्व नंतर कित्येक दिवस झिरपत राहते आणि नव्या गळतीचा आभास निर्माण करते. कार्बोरेटरचे तोंड, एअर फिल्टर, पॉइंट्सचे (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचे) झाकण आणि डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकच्या पिशवीने घट्ट बांधून घ्यावेत. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावून पंख्यांच्या खाचा, बोअरचा तळ, टॅपेट झाकणाची कड आणि इंजिन-गिअरबॉक्समधील फट नीट घासून काढावी. मग साबणाच्या पाण्याने धुऊन पंक्चरवाल्याकडच्या हवेने सुकवावे. प्रेशर वॉशरची धार ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधील हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीवर किंवा सीलच्या ओठांवर मारू नये. आपल्याकडची लाल माती तेलाला धरून बसते आणि बोल्टच्या डोक्याभोवती तिचा थर जमतो. हा थर काढताना तो कुठे सर्वांत जाड होता हे मनात ठेवावे, किंबहुना धुण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. दुरुस्तीनंतर काही महिने चाललेल्या गाडीवर हा मातीचा थर म्हणजे गळतीची नोंदवहीच असते.

इंजिन कोरडे झाल्यावर संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर हलकीच फुंकावी. पावडर ओली झाली की तिथे गडद रेघ उमटते आणि रेघेचे वरचे टोक उगम दाखवते. पावडरऐवजी रांगोळी वापरण्याचा मोह टाळावा. ती दगडाची भुकटी असते आणि सीलच्या ओठात किंवा ब्रीदरमध्ये गेली तर कायमचे नुकसान करते.

गाडीखाली पुठ्ठा किंवा पांढरा कागद अंथरावा आणि त्यावर मेन स्टँडच्या दोन्ही पायांच्या व पुढच्या चाकाच्या खुणा पेन्सिलने कराव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी त्याच जागी उभी करता येईल. चाचणी संपेपर्यंत गाडी मेन स्टँडवरच उभी करावी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि थेंबाची जागा बदलते.

गळती केव्हा होते

कुठे गळते यापेक्षा केव्हा गळते, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे, आणि त्यासाठी तीन वेगळ्या चाचण्या घ्याव्यात.

पहिली चाचणी गाडी न चालवता, रात्रभर उभी ठेवून. या अवस्थेत जे गळते ते केवळ तेलाच्या पातळीमुळे गळते. ड्रेन प्लग, चेनकेसचा खालचा भाग, गिअरबॉक्स, किंवा क्रँककेसच्या दोन अर्ध्यांचा खालचा सांधा यांपैकी काहीतरी त्याला जबाबदार असते. दुसरी चाचणी इंजिन जागेवर चालू ठेवून. हे इंजिन हवेने थंड होणारे असल्याने समोर टेबल फॅन लावावा आणि पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालवू नये. टॉर्चच्या उजेडात वरून खाली पाहत राहावे. रॉकरच्या नळ्या, बँजो बोल्ट, टायमिंग कव्हर आणि ब्रीदर यांचे दोष या वेळी दिसतात, कारण तेव्हा पंप तेल फिरवत असतो. तिसरी चाचणी रस्त्यावर. आधी बेळगावच्या कॅम्प भागातील सपाट रस्त्यावर काही किलोमीटर फिरून थांबावे आणि पाहावे. तोवर कोरडी राहिली तर महामार्गाने वंटमुरी घाटापर्यंत किंवा जांबोटीच्या रस्त्याने जाऊन यावे. इंजिन पूर्ण तापून चढावर जोर लागला की क्रँककेसमधील दाब वाढतो, ॲल्युमिनियम प्रसरण पावते आणि थंड असताना घट्ट वाटणारा सांधा उघडा पडतो. जागेवर कोरडी आणि चढावर ओली होणारी गाडी असेल, तर पॅकिंगला हात लावण्याआधी ब्रीदर तपासावा.

ब्रीदर

माझ्या अनुभवात रिस्टोअर केलेल्या बुलेटवरील गळतीचे सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधील हवा दाबली जाते. ती बाहेर जायला मोकळी वाट हवी आणि पिस्टन वर जाताना ती परत आत येता कामा नये. जुन्या मॉडेलांवर त्यासाठी बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी झडप असते. बाहेर जाणाऱ्या हवेने ती उघडते आणि उलट दिशेने मिटते. असे झाले तर क्रँककेसमध्ये सरासरी थोडी पोकळी राहते आणि तेल सांध्यांतून बाहेर येण्याऐवजी आतच राहते. रबर कडक झाले, चोच चिकटली, किंवा रंगकाम करताना त्या जागी दुसरीच साधी नळी बसवली, तर दाब आतच अडकतो आणि जो सांधा सर्वांत कमजोर असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. मग एक सांधा बंद केला की गळती दुसऱ्या सांध्यावर जाते. प्रत्येक दुरुस्तीनंतर गळतीची जागा बदलत असेल तर हीच खूण समजावी.

तपासण्यासाठी ब्रीदरच्या टोकाला हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावावी आणि तिच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब सोडावा. इंजिन मंद चालू असताना थेंब बाहेरच्या दिशेने सरकत गेला तर झडप काम करते आहे. तो जागच्या जागी आत-बाहेर डोलत असेल तर झडप निकामी आहे. थेंब हललाच नाही, तर वाट बुजली आहे. नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून बुडबुडे पाहण्याची पद्धत काही जण सांगतात. झडप खराब असेल तर इंजिन पाणी आत ओढू शकते, म्हणून ती टाळावी.

झडप चांगली असूनही धूरमिश्रित हवेचा जोरदार झोत येत असेल, तर गॅस पिस्टनच्या रिंगांवरून खाली येत आहे. नवा बोअर केलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत, म्हणजे पहिल्या काहीशे किलोमीटरांत, असा थोडा झोत चालतो. त्यानंतरही तो कमी झाला नाही तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. अशा इंजिनाचे बाहेरचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही.

याच संदर्भात तेलाची पातळीही आली. या इंजिनात गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतील तेल पंपाच्या फटींतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. मालक डिपस्टिक पाहतो, पातळी कमी दिसते, तो तेल ओततो, आणि गाडी सुरू होताच सगळे जादा तेल ब्रीदरमधून बाहेर पडते. म्हणून पातळी नेहमी इंजिन चार-पाच मिनिटे चालवून, बंद करून, एक-दोन मिनिटांनी पाहावी. आठवडाभरात क्रँककेसमध्ये कपभराहून बरेच जास्त तेल जमा होत असेल तर दोष पंपाच्या झिजेत आहे आणि ते काम जाणत्या मेस्त्रींकडेच द्यावे.

वरून खाली

ब्रीदर ठीक असल्याची खात्री झाल्यावर सांध्यांकडे वळावे. रॉकर बॉक्सची झाकणे गळत असतील तर ती बहुधा जास्त आवळल्यामुळे वाकलेली असतात. झाकण काढून जाड काचेवर पालथे ठेवावे आणि कडेखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकते का ते पाहावे. सरकत असेल तर काचेवर बारीक एमरी पेपर अंथरून, इंग्रजी आठच्या आकाराच्या फेऱ्यांनी घासून कड सरळ करता येते. रॉकरच्या नळ्यांचे तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असतील तर ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावेत, म्हणजे तांबे मऊ होते. वरचा काळा थर एमरीने काढून मगच बसवावेत. कडक झालेला वॉशर कितीही आवळला तरी बसत नाही, आणि आवळण्याच्या नादात बँजो बोल्ट मात्र तुटतो.

टॅपेटचे झाकण एकाच नटवर असते. तो नट जोराने आवळला की झाकण मधोमध दबते आणि कडा उचलल्या जातात, त्यामुळे आवळण्याने गळती वाढते. टायमिंग कव्हरचे पॅकिंग शीटमधून कापून बनवले असेल तर त्याची सर्व भोके जुळतात का ते पाहणे अत्यावश्यक आहे, कारण या कव्हरमधून तेलाचे मार्ग जातात. एक भोक राहिले तर बाहेर थेंबही दिसणार नाही, पण आत इंजिन तेलाविना जळेल. पॉइंट्सच्या घरात तेल साचलेले आढळले तर त्यामागचे सील गेले आहे.

सिलंटबद्दल इथेच सांगितले पाहिजे. ते बोटाने पुसून उरेल इतक्या पातळ थरात लावायचे असते. जाड लावले की आवळताना आतल्या बाजूला त्याची वळी तयार होते, ती तुटून तेलात पडते आणि जाळीत किंवा पंपाच्या वाटेत अडकते. बाहेरून नीटनेटकी दिसणारी जोड आतून इंजिन मारू शकते.

चेनकेस

बुलेटखालचा सकाळचा डाग डाव्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा तो चेनकेसचा असतो. बाहेरचे पॉलिश केलेले मोठे कव्हर मधल्या एका नटवर धरलेले असते आणि कडेने रबरी सील असते. आतला भाग इंजिनाच्या क्रँककेसवर ज्या बोल्टांनी बसतो तिथे लांबी थोडी जरी चुकली तरी तो तिरका राहतो, आणि मग बाहेरचे कव्हर कधीच सर्व बाजूंनी टेकत नाही. म्हणून सील न लावता कव्हर नुसते टेकवून पाहावे. कुठे फट दिसते ते कळते. फट एका बाजूलाच असेल तर दोष आतल्या भागाच्या बसणीत आहे, सगळीकडे थोडी-थोडी असेल तर कव्हरच्या कडेत.

आणखी एक गोष्ट तपासावी. चेनकेसमधील तेल महिन्याभरात कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि इंजिनाचे कमी होत असेल, तर क्रँकच्या त्या बाजूचे सील इंजिनाचे तेल चेनकेसमध्ये सोडत आहे. कव्हर कितीही घट्ट बसवले तरी पातळी वाढून तेल बाहेर येणारच. सील उलटे बसवल्यानेही असेच होते. ज्या बाजूला तेल अडवायचे आहे त्या बाजूला स्प्रिंग असलेला ओठ यायला हवा.

रिस्टोरेशनमुळेच आलेले दोष

काही गळत्या जुन्या गाडीच्या नसतात, नव्या कामाच्या असतात. बफिंगच्या चाकावर कव्हर आरशासारखे चकाकते, परंतु सांध्याची कड गोल होऊन जाते आणि पॅकिंगला टेकण्यासाठी काठच उरत नाही. क्रँककेसला रंग किंवा पावडर कोटिंग देताना जोडणीचे पृष्ठभाग झाकले नसतील तर रंगाचा थर उष्णतेने मऊ होतो आणि सांधा सैल पडतो. जुन्या बुलेटवर अनेक ठिकाणी इंची आटे आहेत; त्यांत मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घातला की आटे मरतात आणि बोल्ट आवळल्यासारखा वाटूनही सांधा धरत नाही. या सर्व दुरुस्त्यांसाठी बेळगावकरांना लांब जावे लागत नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पृष्ठभाग सरळ करून देणारे, मेलेल्या आट्यांत नवे आटे बसवून देणारे आणि ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. कव्हर नेताना पॉलिश खराब होईल या भीतीने कडेचे काम अर्धवट करून घेऊ नये.

सांधा, सील, ब्रीदर सर्व ठीक असूनही धातूच्या मधल्याच भागातून पाझर दिसत असेल तर ओतकामातील सच्छिद्रता किंवा बारीक तडा असू शकतो. फाउंड्रीत वापरतात ती चाचणी इथे चालते. सुटा केलेला भाग बाहेरून पूर्ण स्वच्छ करून त्यावर खडूची भुकटी पाण्यात कालवून फासावी, ती वाळू द्यावी, आणि आतल्या बाजूला रॉकेल लावून काही तास ठेवावे. रॉकेल अतिशय बारीक छिद्रातूनही पार होते आणि पांढऱ्या खडूवर काळसर ठिपका किंवा रेघ उमटवते.

जावा-येझदीची गोष्ट थोडी निराळी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या या गाड्या टू-स्ट्रोक आहेत, त्यामुळे बाहेर गळते ते गिअरबॉक्स आणि क्लचचे तेल. किक आणि गिअरचा एकच दांडा जिथून बाहेर येतो ती जागा व मागच्या चेनच्या स्प्रॉकेटमागचे सील आधी पाहावे. जमिनीवर थेंब नसताना गिअर ऑइलची पातळी उतरत असेल आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर क्लच बाजूचे क्रँक सील फाटले असून इंजिन ते तेल ओढून जाळत आहे.

पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ला रस्त्यावर फिरलेल्या गाडीचे तेल दुधाळ झाले असेल तर ती गळती नव्हे, आत पाणी शिरले आहे. तेल ताबडतोब बदलावे. गळणारे तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेक ड्रमकडे जात असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेकच्या लायनरला तेल लागले असेल तर तो धुऊन वापरू नये, बदलावा.

दुरुस्ती एका वेळी एकाच सांध्याची करावी आणि तिन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात. एकदम चार ठिकाणी हात घातला तर नेमके काय बरे झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा शून्यातून करावा लागतो. नवे पॅकिंग बसवलेले बोल्ट इंजिन एक-दोनदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाल्यावर, समोरासमोरच्या जोड्यांनी, हलकेच तपासून घ्यावेत. आवळताना बोल्ट जराही न फिरता ताठ लागला तर तिथेच थांबावे. त्यानंतर पुठ्ठा नवा अंथरावा आणि गाडी त्याच खुणांवर रात्रभर उभी करावी.